गारी बसली हाय

काशिनाथ तांडेल, राहणार सारसोळे गाव, नेरूळ. हे नाव मी सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण हकीकत सांगायला लागलो की माझी गडबड होते आणि मुख्य माणूस मागं राहतो. आज खांदेश्वरला माझं स्वतःचं गॅरेज आहे. दोन गाड्या आत आणि एक बाहेर उभी राहील एवढंच. पण या धंद्यात मी टिकलो तो तांडेलकाकांमुळं. त्यांनी मला मदत केली हे पक्कं. का केली, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता पन्नाशी ओलांडली तरी नीट कळलेलं नाही. या अंकाच्या संपादकांनी "गॅरेजमधले अनुभव लिहा" म्हटल्यावर दुसरं काही सुचेना म्हणून हेच लिहितो आहे.

माझं शिक्षण आठवी नापास. गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. चुलते तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते, त्यांच्याबरोबर मी नवी मुंबईत आलो. पुढं त्यांची पाठ धरली आणि ते गावी परतले. मी नेरूळला मेस्त्रींच्या गॅरेजात राहिलो. मेस्त्री म्हणजे नारायण मेस्त्री, माणूस कोकणातला, हात सोन्याचा आणि जीभ करवतीची. मी काम त्यांच्याकडं करायचो आणि झोपायचोही तिथंच, पोटमाळ्यावर, जुन्या सीटांच्या फोमवर. माझ्या आधीच्या मेकॅनिकनं एकदा न विचारता एका गाडीचा गिअरबॉक्स खोलला होता. त्याच दुपारी त्याची पत्र्याची पेटी शटरच्या बाहेर दिसली. हे मला मी आलो त्या पहिल्याच आठवड्यात तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. त्यामुळं पुढची पाच वर्षं मी प्रत्येक नट सोडवायच्या आधी मनात मेस्त्रींची परवानगी घ्यायचो.

गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं. वाशीचे एक डॉक्टर दर सोमवारी यायचे, गाडीत टिकटिक आवाज येतो म्हणून. आम्ही डॅशबोर्ड खोलला, दरवाजे खोलले, सायलेन्सर उतरवला. शेवटी मागच्या सीटखाली त्यांच्या नातवाचं टिनचं बेडूक सापडलं. डॉक्टरांनी ते खिशात घातलं आणि पुढच्या सोमवारी परत आले, आवाज येत नाही म्हणून चैन पडत नव्हतं. एका बिल्डरला रिव्हर्स टाकल्यावर आरती वाजायला हवी होती. ती आम्ही बसवून दिली. असल्या कामांत मला भीती नसायची. भीती वाटायची ती मोठ्या परदेशी गाड्यांची.

नव्वदीच्या मध्यावर नवी मुंबईत तसल्या गाड्या मोजक्याच होत्या. तळोजाच्या कारखान्यांचे मोठे साहेब त्यांत फिरायचे. त्यातलीच एक जर्मन डिझेल सेडान, गडद निळी, लांबून काळीच वाटायची. तांडेलकाका ती चौदा वर्षं साहेबांसाठी चालवत होते. साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले, कंपनीनं जुनी गाडी काढली, आणि काकांनी निवृत्तीचा सगळा पैसा घालून ती घेतली. मीटर तीन लाखांच्या पुढं गेलेला, शिवाय मध्ये दोन वर्षं तो बंदच होता. सारसोळ्यातल्या बोळात ती घुसेना म्हणून काकांनी घराबाहेरचा तुळशीकट्टा हात-दीड हात मागं सरकवला. गाव हसला. काका म्हणाले, तुळशीला काय, ती कुठंपन वाढते.

जुनी मोठी गाडी सांभाळणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगतो. नव्या गाडीत बिघाड येतो तेव्हा एक वस्तू बिघडलेली असते. तीन लाख चाललेल्या गाडीत एकही वस्तू पूर्ण बिघडलेली नसते आणि एकही पूर्ण धड नसते. रबर थोडं कडक, बुश थोडे ढिले, पंप थोडा आळशी. हे सगळं एकमेकांना सांभाळून घेत असतं. एक गोष्ट नवी करा, बाकीच्यांना ते सोसत नाही. म्हणून अशा गाडीत हात घालताना थांबायचं कुठं ते कळायला लागतं. आणि पार्ट मिळत नाहीत. हेड पॅकिंग घ्या. इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड, ते आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक पातळ चकतीसारखी पट्टी असते, तिला आम्ही पॅकिंग म्हणतो. एकदा हेड उचललं की ती मेली, परत लावता येत नाही. आपल्याकडच्या गाड्यांची पॅकिंगं कुठल्याही दुकानात लटकलेली असतात. या गाडीचं तेव्हा अख्ख्या मुंबईत मिळेल की नाही याची खात्री नव्हती.

आता शब्दाकडं येतो, कारण सगळा घोळ एका शब्दाचा आहे.

आमच्या धंद्यात सगळं काही बसतं. व्हॉल्व्ह सीटवर नीट बसला तर चांगलं, नाही बसला तर वाईट. बेअरिंग बसवायचं असतं. बॅटरी बसली म्हणजे गाडी ढकला. स्प्रिंग बसली म्हणजे दबून दमली. आणि इंजिन बसलं म्हणजे मालकालाच खुर्ची देऊन बसवायचं, कारण पुढची बातमी वाईट असते. आमच्या गावाकडं तर यष्टी घाटात बसली म्हणजे ती मेलीच, दुसरी येईपर्यंत झाडाखाली थांबायचं. एवढे अर्थ डोक्यात घेऊन मी फोन उचलला होता.

फोन तांडेलकाकांचा. पलीकडं कोणीतरी बर्फ फोडत होतं. काका ओरडून बोलत होते.

"गारी बसली हाय. मेस्त्रीला सांग. सायेब यायचं हायेत पुढल्या रविवारी, बसून फिरायला. त्याच्या आत नीट झाली पायजे."

"काय झालंय काका?"

"आरं बसली हाय म्हनतो ना. घेऊन जा."

फोन ठेवला. गॅरेजच्या भिंतीवर काळा फळा होता, आलेली कामं त्यावर लिहायची. मी खडू घेतला आणि लिहिलं: तांडेल, निळी, इंजिन बसलं.

'इंजिन' हा शब्द काका बोललेच नव्हते. तो मी कुठून आणला? मी खोटं लिहिलं नाही, मुद्दाम तर नाहीच. मी जे ऐकलं तेच लिहितोय असंच मला त्या वेळी वाटत होतं. आजही त्या फोनचा विचार केला की मला कधीकधी काकांच्या आवाजात 'इंजिन' ऐकू येतं. म्हणजे बघा.

मेस्त्री त्याच दिवशी गावी निघाले होते, भावाच्या घराची वास्तुशांत होती. पिशवी खांद्याला लावून त्यांनी फळा वाचला.

"तांडेलाचं इंजिन? अरेरे. म्हातारा बघतो की नाही तेल-पाणी? ओढून आण. चावी लावू नकोस, बसलेल्या इंजिनाला स्टार्टर मारायचा नाही. हेड खोलून ठेव. शनिवारी आलो की बघतो."

"मी एकटा खोलू?"

"नाहीतर काय मांडव घालू?"

गाडी आणायला गेलो तेव्हा काका घरी नव्हते. त्यांच्या पत्नी जनाकाकूंनी चावी हातात ठेवली. मी गाडीला दोर बांधला, जीपनं ओढली. चावी लावली ती फक्त स्टिअरिंग मोकळं करायला. आता गंमत बघा, त्या वेळी एकदा स्टार्टर मारला असता तरी ती सुरू झाली असती आणि सगळंच मिटलं असतं. पण मेस्त्रींनी नाही म्हटलं होतं. नियम बरोबरच होता. बसलेल्या इंजिनासाठी बरोबर होता.

हेड खोलण्याच्या आधी खालच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवून बघतात. बसलेलं असेल तर ते फिरत नाही. मी पाना लावला. इंजिन फिरलं. मऊ, एकसारखं, चक्कीसारखं फिरलं.

तिथंच थांबायला पाहिजे होतं. कोणीही थांबला असता. मी मात्र घाबरलेला. मनात म्हटलं, ओढून आणताना धक्के बसले, त्यात ते सुटलं असेल. मेस्त्री येऊन विचारतील, हेड खोललंस का? नाही म्हटलं तर का नाही? फिरत होतं म्हणून? मग तू मेकॅनिक की मी? असा सगळा संवाद मी एकट्यानंच बोलून संपवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेड खोललं.

आत काही नव्हतं. म्हणजे बिघडलेलं काही नव्हतं. तीन लाखांच्या पुढं चाललेलं इंजिन, आणि सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात घासलेल्या तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. माणसाच्या तळहातावर दिसतात तशा. पिस्टन स्वच्छ. मी हातातली बॅटरी पाडून एकेक बघितलं, बोट फिरवलं. मग वाटलं, दोष खाली असेल. खालची तेलाची टाकी उतरवली, बेअरिंग काढून पाहिली. ती चकाकत होती. मग वाटलं तेलपंपात असेल. तोही काढला. जितकं खोलत गेलो तितकं ते इंजिन चांगलं निघत गेलं, आणि माझं डोकं आणखीच फिरलं. इतक्या चांगल्या इंजिनाला झालं तरी काय? मला दिसत नाही म्हणजे मला काम येत नाही, एवढंच मला समजलं. फळ्याकडं बघितलं तर तिथं माझ्याच अक्षरात 'इंजिन बसलं' लिहिलेलं. माझाच त्यावर विश्वास बसला होता.

चौथ्या दिवशी दुपारी तांडेलकाका आले. बरोबर गावातला होड्यांवर नावं रंगवणारा पेंटर. साहेब यायच्या आत गाडीच्या दोन्ही अंगांना पुढून मागपर्यंत एक बारीक रेघ मारून घ्यायची होती, दुधी रंगाची, हातानं. हे काकांचं बरेच दिवसांचं मनात होतं. आमच्या गॅरेजातले लोक त्यांना निळे दिवे सुचवायचे, चाकांना चमकत्या जाळ्या सुचवायचे. काका म्हणायचे, "मला गारी नाचवाची नाय." लाकडी डॅशबोर्ड उन्हानं तडकला होता, तो त्यांनी होडीच्या सुताराकडून सागाची पातळ पट्टी चिकटवून घेतला होता, आणि होडीला लावतात तेच तेल घासलं होतं. मूळच्या कंपनीनंही इतकं चांगलं केलं नसतं. आत बसलं की लाकडाचा मंद उजेड पडल्यासारखा वाटायचा.

काका शटरमधून आत आले आणि उभे राहिले. गाडीचं बॉनेट उघडं, हेड बाकावर, खाली ट्रेमध्ये नट, बोल्ट, बेअरिंग.

"ह्यो काय केलास?"

"इंजिन खोललं काका. पण काही सापडत नाही. सगळं ठीक दिसतंय."

"ठीक हायच. पन खोललास कशाला?"

"बसलं म्हणालात ना तुम्ही."

"मी म्हनलो गारी बसली."

"तेच की."

"तेच कसा रं? इकरं ये."

त्यांनी मला गाडीच्या मागं नेलं. मागचं चाक आणि त्यावरचा पत्रा यांच्यामध्ये हात घालून दाखवला. बोटंसुद्धा अडकत होती.

"आधी हितं माजी मूठ जायाची. आता हात जात नाय. मागना बसली हाय गारी. स्प्रिंगा बसल्यात."

पेंटर आमच्याकडं बघत होता, मग त्यानं तोंड फिरवलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. मी विचारलं, कारण काहीतरी विचारायलाच हवं होतं, "पण काका, मागून इतकी कशानं बसली?"

काकांनी इकडं तिकडं पाहिलं. मग डिकी उघडली. वासानंच कळलं. तळाला बर्फाच्या पाण्यानं गंज चढलेला, कोपऱ्यात माशांचे खवले चिकटलेले. जनाकाकू नेरूळच्या बाजारात मासे विकायच्या. त्यांचा टेम्पोवाला यायचा बंद झाला होता आणि वर्षभर त्या रोज सकाळी जर्मन गाडीतून पाट्या घेऊन बाजारात जात होत्या. बर्फासकट.

"सायबाला बोलू नको," काका म्हणाले. "मीपन बोलत नव्हतो म्हनून फोनवर नुसता 'बसली' म्हनलो. मागना बसली म्हनलो असतो तर मेस्त्रीनं इचारला असता, कशी बसली. त्याच्या तोंडाला झाकन नाय."

म्हणजे त्यांनी एक शब्द गाळला होता आणि मी एक शब्द घातला होता.

मी तिथंच खाली फरशीवर बसलो. मेस्त्री शनिवारी येणार. धडधाकट इंजिन खोलून ठेवलेलं, पॅकिंग मेलेलं, दुसरं मिळत नाही, आणि फळ्यावर माझं अक्षर. माझी पेटी कुठं आहे हेसुद्धा मला त्या क्षणी आठवेना. मी म्हटलं, "काका, मला हाकलतील. मला जायला जागा नाही."

"पुसून टाक ना फल्यावरचा."

"मेस्त्रींनी वाचलंय."

काका पेंटरला म्हणाले, तू उद्या ये. आणि गेले. मला वाटलं, रागावून गेले. तासाभरानं परत आले ते काखेत एक चपटं पाकीट घेऊन, तेलकट कागदात गुंडाळलेलं. उघडलं तर हेड पॅकिंग. नवं कोरं, जर्मन अक्षरांचं. साहेबांनी गाडी देताना दिलं होतं. परदेशातून बॅगेतून आणलेलं, एकच. वाकू नये म्हणून काकांनी ते घरात कॅलेंडरच्या मागं खिळ्याला टांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी इंजिन खरंच बसेल त्या दिवसासाठी.

"हे नको काका. पुढं लागलं तर?"

"पुरं काय लागंल ते पुरं बघू. इंजिन तू बघितलास ना? कसा हाय?"

"नवं आहे काका. रेघा दिसतात अजून."

ते बाकाजवळ गेले, वाकले, आणि सिलिंडरमध्ये बघत राहिले. बराच वेळ. चौदा वर्षं जे चालवलं ते त्यांनी पहिल्यांदाच आतून बघितलं होतं. मग बोट आत घालून त्या रेघांवरून फिरवलं, मी फिरवलं होतं तसंच. "बरा झाला," म्हणाले. काय बरं झालं, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढचे दोन दिवस मी कसं काम केलं ते सांगता येणार नाही. इंजिन बांधताना बोल्ट ठरावीक क्रमानं आणि ठरावीक जोरानं आवळावे लागतात, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत. मी प्रत्येक फेरीला क्रम मोठ्यानं म्हणत होतो. काका स्टुलावर बसून ऐकत. एकदा मी चुकलो तर म्हणाले, "सात झाला तुजा, आता चार." माझं मोठ्यानं म्हणणं ऐकून त्यांचंही पाठ झालं होतं.

स्प्रिंगचं काम कळंबोलीला केलं, ट्रकवाल्यांकडं. नव्या स्प्रिंगा मिळणार नव्हत्या. तिथल्या सरदारजींनी आहेत त्याच तापवून ताणून दिल्या, वर घालायला जाड रबराच्या चकत्या कापल्या. पहिल्या चकत्या जाड झाल्या, गाडी मागून बदकासारखी वर आली. काकांनी मूठ घातली, मुठीशेजारी आणखी दोन बोटं गेली. "नाय. कमी कर." दुसऱ्यांदा मूठ अडली. तिसऱ्यांदा मूठ गेली आणि हलली नाही. "हां. ह्यीच ती." मोजपट्टी कोणी काढलीच नाही. डिकी मी साबण, सोडा, लिंबू आणि शेवटी रॉकेलनं धुतली. गंज खरवडून रंग मारला. पेंटरनं रेघ मारली. एका श्वासात मारल्यासारखी सरळ, मागच्या दिव्यापाशी येऊन किंचित वर उचललेली, होडीच्या नाळेसारखी, म्हणजे पुढच्या टोकासारखी. ती रेघ मारल्यावर मला ती गाडी पहिल्यांदा महाग वाटली.

शनिवारी दुपारी मेस्त्री आले. पिशवी ठेवायच्या आधी बॉनेट उघडलं. हेडच्या कडेनं नव्या पॅकिंगची कड दिसत होती. नखानं चाचपून बघितली.

"काय निघालं रे आत?"

मी 'काही नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही.

"काय नाय निघाला," स्टुलावरून काका म्हणाले. "मीच त्याला सांगला, इंजिन बसला म्हनून. पोरगा म्हनत होता खोलायला नको. मीच म्हनलो खोल. स्प्रिंगा बसलेल्या. मला समजला नाय. वय झाला."

मेस्त्रींनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला.

"तांडेल, तीस वर्षं ष्टेरिंग धरलंस, आणि पुढून बसलं की मागून बसलं कळेना तुला?"

"नाय कळला."

"मग बैलगाडी घ्यायची होतीस. तिला पुढं बैल असतो, ओळखायला सोपं."

काका हसले. मीही हसलो. हे मला लिहायला लाज वाटते, पण मी हसलो. सुटलो म्हणून हसू आलं असेल.

रविवारी साहेब आले. सडपातळ म्हातारा माणूस, पांढरी टोपी. मागं बसले, काका पुढं. मला काकांनी शेजारी बसवलं, काही आवाज आला तर सांगायला. बेलापूरपर्यंत गेलो आणि परत. इंजिनाचा आवाज शिवणयंत्रासारखा. साहेबांनी लाकडावर हात फिरवला, रेघेबद्दल विचारलं, कोणी मारली म्हणून. मग नाक वर करून म्हणाले, "तांडेल, गाडीला समुद्राचा वास येतोय का?"

लिंबू, सोडा, रॉकेल, सगळं फुकट.

"सायेब," काका म्हणाले, "ती आता सारसोळ्याची झाली."

साहेब बाहेर बघत राहिले. त्यांना कळलं की नाही, कोण जाणे.

इथं मी थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण मेस्त्रींच्या तोंडाला खरंच झाकण नव्हतं. तांडेल ड्रायव्हरला स्प्रिंग आणि इंजिन यांतला फरक कळत नाही, ही गोष्ट चहाच्या टपरीवर गेली, तिथून रिक्षा स्टँडवर, तिथून गावात. लोकांनी ती खुलवली. काका दिसले की कोणीतरी विचारायचं, "काका, काय बसलंय आज? पुढचं की मागचं?" काका म्हणायचे, "तू बस ना." आणि पुढं जायचे.

मला वाटत होतं, चेष्टाच आहे, विरून जाईल. वर्षभरानं एकदा जनाकाकू गॅरेजात आल्या होत्या, गाडीची चावी घ्यायला. मी विचारलं, काका हल्ली दिसत नाहीत. त्या पायरीवर टेकल्या आणि सहज म्हणाल्या, "तो ड्रायव्हिंग क्लासवाला आलाच नाय परत."

"कुठला?"

नेरूळमध्ये एक ड्रायव्हिंग स्कूल निघणार होतं. मालकानं काकांना मोठा मास्तर म्हणून बोलावलं होतं. गावातल्या तरण्या पोरांना चांगलं शिकवावं, रिक्षापेक्षा पुढं न्यावं, असं काकांच्या मनात होतं. वहीत धडे लिहून ठेवले होते. मालकाच्या कानावर ती गोष्ट गेली. त्यानं नंतर निरोपही पाठवला नाही.

"तू मनाला लावून घेऊ नको," काकू म्हणाल्या. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

मी त्याच संध्याकाळी मेस्त्रींच्या केबिनमध्ये गेलो. दारात उभा राहून म्हटलं, मेस्त्री, एक सांगायचं होतं. ते चष्म्यावरून बघायला लागले. मी म्हटलं, गावी जायला चार दिवस रजा पाहिजे. त्यांनी दिली. मला रजा नको होती, तरी मी गावी जाऊन आलो.

मग सारसोळ्याला गेलो. काका जेट्टीवर जाळं दुरुस्त करणाऱ्यांजवळ बसले होते. मी विचारलं, काका, तुम्ही असं का केलंत? माझ्यासाठी का? की माशांची गोष्ट बाहेर पडू नये म्हणून? ते माझ्याकडं बघत राहिले, जणू मी भलतंच काहीतरी विचारतोय.

"शब्द माजाच गेला ना?" म्हणाले. "मी म्हनलो बसली. बसली म्हनलो नसतो तर तू खोलला असतास?"

"पण इंजिन म्हणाला नव्हतात."

"तुला ऐकू आला ना पन."

आणि जाळ्याचं टोक हातात घेऊन गाठ बघायला लागले. ते माझी समजूत काढत होते, की त्यांना खरंच तसं वाटत होतं? मी या वाक्यावर गाडीखाली पडून अनेक दुपारी विचार केला आहे. उत्तर मिळत नाही. आता माझ्याकडं फळा नाही, वही आहे, आणि माझ्या गॅरेजात गिऱ्हाइकाचं म्हणणं ते जसं बोलतं तसंच लिहायचं, आपल्या भाषेत फिरवायचं नाही, असा नियम आहे. "काहीतरी खडखडतंय" म्हणालं तर "काहीतरी खडखडतंय" असंच. नवी माणसं हसतात.

मेस्त्री आता थकले आहेत, मुलाकडं नेरूळलाच असतात. तांडेलकाका ऐंशीच्या घरात आहेत, गाडी त्यांचा नातू चालवतो, माझ्यानंतर इंजिन अजून कोणी उघडलेलं नाही. काकांना वाचायला दिसत नाही, तेव्हा हे छापून आलं म्हणजे फिटलं असं मी समजत नाही. कागदावर लिहायला मला भीती वाटत नाही, तोंडानं सांगायला वाटते, आणि चूक ज्यांनी तोंडी पसरवली त्यांना ती तोंडीच सांगायला हवी.

म्हणून ठरवलंय. येत्या एखाद्या रविवारी मेस्त्रींना गाडीत घालून सारसोळ्याला न्यायचं. जेट्टीवर जी माणसं असतील, ज्यांनी चेष्टा केली ती आणि ज्यांनी नुसती ऐकली ती, त्यांच्यासमोर काकांच्या शेजारी उभं राहून सांगायचं, यांनी 'गाडी' म्हटलं होतं, 'इंजिन' मी लिहिलं. माझा आवाज फुटेल की नाही याची मला खात्री नाही. पण काका, तुम्ही तेवढे दिवस बरे राहा. मी येणार आहे.